चुलीवरचे इंजिन

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात धानोऱ्याला शिक्षकांचे एक शिबिर होते. गडचिरोलीहून छत्तीसगडच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. चहूकडे जंगल आणि मधल्या मोकळ्या जागी धानाच्या बांध्या. ‘उष्णता आणि कार्य’ हा पाठ माझ्याकडे होता. मी नेहमीप्रमाणे फळ्यावर डिझेल इंजिनाची आकृती काढली, दट्ट्या वरखाली कसा होतो ते समजावून सांगितले आणि ‘काही शंका?’ असे विचारले. मागच्या रांगेतले एक गुरुजी उठले.

“सर, आमच्या इकडं गिरणीच्या मागं तुसाचे ढीग पडून रायतेत. गिरणीचं डिझेल मात्र गडचिरोलीवरून आणा लागते. तूस बी जळते, डिझेल बी जळते. मग तुसावर इंजिन काहून चालत नाही?”

मी पुस्तकी उत्तर दिले. डिझेलचे बारीक तुषार करून ते सिलिंडरात उडवता येतात, तूस तसे उडवता येत नाही. शिवाय त्याची राख उरते आणि ती धातू खरवडते. गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “मग आग सिलिंडरात न्यायचीच कशाला? चुलीसारखी खाली ठेवा ना!”

वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही, कारण गुरुजींनी सुचवलेले इंजिन माणसाने अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी केले होते, त्यावर जगातले निम्मे कारखाने उभे राहिले आणि आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखातून ते धूर सोडत धावलेही होते. मग ते गेले कुठे? शिबिराच्या उरलेल्या दोन दिवसांत आम्ही याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. तेव्हा जे बोललो आणि नंतर जे वाचले, ते इथे मांडतो आहे.

ज्या इंजिनात इंधन सिलिंडरातच जळते ते अंतर्ज्वलन इंजिन. स्कूटर, ट्रॅक्टर, पाण्याचा पंप यांची इंजिने या जातीची. ज्यात इंधन बाहेर जळते आणि त्याची उष्णता धातूच्या भिंतीतून आतल्या पाण्याला, वाफेला किंवा हवेला मिळते ते बाह्यज्वलन इंजिन. एवढीच व्याख्या. पण ‘धातूच्या भिंतीतून’ हे दोन शब्द अधोरेखित करून ठेवावेत. या इंजिनांचे सगळे गुण त्या भिंतीमुळे आहेत आणि सगळी दुखणीही तिच्यामुळेच. भिंतीच्या बाहेर काय जळते आहे याच्याशी आतल्या वायूला काही देणेघेणे नसते. लाकूड चालते, दगडी कोळसा चालतो, शेण्या चालतात, तूसही चालते. पण प्रत्येक फेरीला उष्णता त्या भिंतीतून आत यावी लागते आणि काम झाले की उरलेली बाहेर काढून टाकावी लागते. हे येणे-जाणे कसे सोपे करायचे, याच खटपटीचा हा इतिहास आहे.

आपल्या भाषेने या इंजिनांना फार नेमके नाव दिले होते. आगगाडी आणि आगबोट. वाफ कुणाला दिसत होती? लोकांना दिसली ती आग. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली तेव्हा चौदा डब्यांना साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडलेली होती. चौतीस किलोमीटर अंतर गाडीने सुमारे सव्वा तासात काटले. पण इथवर यायला इंजिनाला दीडशे वर्षे लागली होती.

एकाच भांड्यात तापवणे आणि थंड करणे

खाणीत साचलेले पाणी उपसणे हा इंग्लंडमधला अठराव्या शतकाच्या आरंभीचा मोठा प्रश्न होता. लोखंडी सामानाचा व्यापार करणारा थॉमस न्यूकोमेन याने १७१२ साली डडली किल्ल्याजवळच्या कोळशाच्या खाणीवर आपले इंजिन उभे केले. आज त्याची रचना विचित्र वाटते, कारण त्यात वाफ दट्ट्याला ढकलत नाही. सिलिंडरात वाफ भरायची, मग आत थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचे पाणी होते, आत पोकळी निर्माण होते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली दाबतो. म्हणजे काम करते ते वातावरण, वाफ फक्त जागा अडवून ठेवते आणि वेळ आली की नाहीशी होते.

हे इंजिन भयंकर कोळसा खाई. कोळशातल्या शंभर भाग उष्णतेपैकी जेमतेम एक भाग कामी येई, पुष्कळदा तेवढाही नाही. कोळशाच्या खाणीवर हे खपून गेले, कारण खाणीचा विकाऊ नसलेला भुगा फुकटच होता. पण कॉर्नवॉलमधल्या कथिलाच्या आणि तांब्याच्या खाणींना कोळसा दुरून विकत आणावा लागे. तिथे प्रत्येक टोपलीचा हिशेब होता. इंजिन सुधारण्याची निकड नेहमी इंधन महाग असलेल्या ठिकाणी आधी जाणवते.

१७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठाचे न्यूकोमेन इंजिनाचे एक लहानसे प्रात्यक्षिकाचे यंत्र जेम्स वॅट या उपकरणे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे आले. दुरुस्त झाले तरी ते चार-सहा फेऱ्या मारून थांबे. वाफ पुरत नसे. मोठी इंजिने चालतात, तर त्याच प्रमाणात केलेले छोटे का चालू नये? शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. लांबी, रुंदी, उंची दहापट कमी केली की आतले घनफळ हजारपट कमी होते, पण भिंतीचे क्षेत्रफळ शंभरपटच कमी होते. म्हणजे आतल्या प्रत्येक थेंबभर वाफेच्या वाट्याला दहापट जास्त भिंत येते आणि तेवढीच जास्त उष्णता ती शोषून घेते. लहान बाह्यज्वलन इंजिनांचे हे जन्माचे दुखणे आहे. ते लक्षात ठेवू, धानोऱ्याच्या गिरणीशी आल्यावर पुन्हा भेटेल.

वॅटने नुसता तर्क केला नाही, मोजमाप केले. सिलिंडर भरायला जितकी वाफ लागायला हवी त्याच्या कितीतरी पट वाफ खर्च होते असे त्याला आढळले. फवाऱ्याने दर वेळी सगळा सिलिंडर थंड होत होता आणि पुढच्या फेरीची वाफ आधी तो तापवण्यात खर्ची पडत होती. याच सुमारास त्याच विद्यापीठातले जोसेफ ब्लॅक अप्रकट उष्म्याचा अभ्यास करीत होते. वाफेत किती उष्णता दडलेली असते हे त्यामुळे वॅटला नीट समजले.

१७६५ साली त्याला उपाय सुचला. सिलिंडर कायम गरम ठेवायचा आणि वाफ थंड करायला शेजारी दुसरे भांडे द्यायचे, ते कायम थंड. हाच संघनक. एका वाक्यात सांगता येणारी ही कल्पना, पण ती प्रत्यक्षात उतरायला दहा वर्षे गेली, कारण दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यात फट राहता कामा नये एवढा गोल सिलिंडर कुणाला कोरता येत नव्हता. जॉन विल्किन्सन याने तोफा कोरण्यासाठी केलेले यंत्र सिलिंडराच्या कामी आले तेव्हा गाडे पुढे सरकले. वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांची आकारणीही मजेशीर होती. जुन्या इंजिनाच्या मानाने जितका कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश वाटा ते घेत. म्हणजे त्यांनी यंत्रापेक्षा बचत विकली!

आगबोट, वरोऱ्याचा कोळसा आणि नागपूरची गिरणी

ही इंजिने मुंबईला पोचली तेव्हा तोच इंधनाचा प्रश्न त्यांच्या मागोमाग आला. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तिच्यात साडेपाच दिवस पुरेल एवढ्या कोळशाची जागा होती आणि एडनपर्यंतचाच प्रवास अकरा दिवसांचा होता. तेव्हा उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरून ती हाकारली गेली. याच गोदीतल्या वाडिया घराण्यातले अर्देसर कर्सेटजी यांनी एक अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन स्वतः बांधले होते. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. आपल्या पाठ्यपुस्तकांत वॅटच्या किटलीची दंतकथा असते, हे नाव मात्र सहसा नसते.

आणि आता आपला चांदा जिल्हा. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली, त्याआधी धानोराही चांदा जिल्ह्यातच होते. या जिल्ह्यात वरोऱ्याला सरकारने १८७१ मध्ये कोळशाची खाण सुरू केली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत खास लोहमार्ग टाकला. १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस वऱ्हाड-नागपूरचा आणि कोळसा हाकेच्या अंतरावर वरोऱ्याचा. वर्धा खोऱ्यातला हा कोळसा काही पहिल्या प्रतीचा नव्हे. त्यात राख आणि ओल जास्त, ढीग घालून ठेवला तर आपोआप पेट घेण्याची खोड. पण आग बाहेर असली की असा कोळसाही चालतो. जाळी थोडी रुंद करायची आणि राख वरचेवर ओढायची. वरोऱ्याची ही खाण १९०६ मध्ये बंद झाली आणि बल्लारपूर पुढे आले. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टला जाणारा अरुंद लोहमार्ग झाला आणि त्यावरच्या वडसा स्थानकापर्यंत वाफेचे इंजिन पोचले. बराच काळ गडचिरोली भागाला एवढेच काय ते रेल्वेचे दर्शन होते.

तुसावरच्या इंजिनाचाही दाखला आहे, फक्त तो चांद्याचा नसून ब्रह्मदेशचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रंगूनच्या मोठमोठ्या भातगिरण्यांची वाफेची इंजिने धानाच्या तुसावर चालत. म्हणजे आमच्या गुरुजींची कल्पना तिथे व्यापारी प्रमाणावर सिद्ध झाली होती. पण त्या गिरण्या प्रचंड होत्या. त्यांना बॉयलर सांभाळणारे वेगळे लोक ठेवणे परवडे.

बॉयलर हाच लहान गावाच्या वाटेतला अडसर होता. उच्च दाबाची वाफ म्हणजे कोंडून ठेवलेली शक्ती. पत्रा गंजला, पाण्याची पातळी घसरली, सुरक्षा झडप चिकटली की स्फोट ठरलेला. एकोणिसाव्या शतकात अशा स्फोटांत जगभर पुष्कळ माणसे दगावली. आपल्याकडे १९२३ साली बॉयलरचा कायदा झाला. तपासणी, नोंदणी आणि प्रमाणपत्र असलेला माणूस हे सारे आले. ते योग्यच होते. पण पाच अश्वशक्तीच्या गिरणीसाठी प्रमाणपत्रवाला माणूस कोण ठेवणार?

पाद्रीबोवांचे हवेचे इंजिन

बॉयलरच नको, पाणीही नको, नुसत्या हवेवर इंजिन चालवावे, हा विचार स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाला सुचला. रॉबर्ट स्टर्लिंग हा १७९० चा जन्म. १८१६ साली तो किलमार्नक गावात धर्मोपदेशक झाला आणि त्याच वर्षी त्याने आपल्या इंजिनाचे पेटंट घेतले. बॉयलरच्या स्फोटांत मरणारी माणसे पाहून त्याला कळवळा आला, अशी गोष्ट पुस्तकांत असते. असेलही. पण पेटंटाच्या मथळ्यात त्याने आधी लिहिले आहे ते इंधनाची बचत. पुन्हा तेच!

या इंजिनात एका लांब सिलिंडराचे एक टोक आगीवर असते आणि दुसरे थंड. आत कोंडलेली हवा कधीच बाहेर पडत नाही. त्याच सिलिंडरात एक सैलसर पोकळ ठोकळा वरखाली होतो. त्याचे काम एकच, हवेची जागा बदलणे. ठोकळा थंड टोकाकडे सरकला की हवा त्याच्या कडेने गरम टोकाकडे जाते, तापते, तिचा दाब वाढतो आणि ती दट्ट्याला ढकलते. मग ठोकळा गरम टोकाकडे येतो, हवा थंड टोकाला पळते, दाब उतरतो आणि दट्ट्या परततो. दट्ट्या आणि ठोकळा एकाच चाकाला जोडलेले असतात, पण ठोकळा पाव फेरी पुढे चालतो. बस्स. झडप नाही, फवारा नाही, भोंग्यातून फसफसणारी वाफ नाही.

यातली तापवायची जागा कायम गरम आणि निववायची कायम थंड, ही वॅटची शिकवण झाली. स्टर्लिंगने तिच्यात स्वतःची भर घातली, ती पुनर्जनकाची. गरम टोकाकडून निघालेली हवा थंड टोकाला जाताना वाटेत धातूच्या पातळ पत्र्यांच्या किंवा तारांच्या थरांतून जाते आणि आपली उष्णता त्यांत ठेवून जाते. परतताना तीच उष्णता उचलून घेते. थंडीत मफलर नाकावरून गुंडाळला की उच्छ्वासाने लोकर गरम होते आणि पुढचा श्वास ऊबदार होऊन आत येतो, तसेच हे. आठ वर्षांनी, १८२४ साली फ्रान्समधल्या सादी कार्नोने सिद्ध केले की कोणत्याही उष्णता इंजिनाची कमाल कार्यक्षमता फक्त गरम आणि थंड टोकांच्या तापमानांवर ठरते. आत वाफ आहे की हवा, याला महत्त्व नाही. गरम टोक १००° सेल्सियस आणि थंड ४०° धरले तर केल्व्हिनमध्ये ३७३ आणि ३१३. सैद्धांतिक कमाल १६ टक्के. गरम टोक ६००° केले की हीच मर्यादा ६४ टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात यातले थोडेच हाती लागते, पण दिशा स्पष्ट आहे. गरम टोक होईल तितके गरम हवे.

आणि इथेच घोडे पेंड खाते. १८१८ मध्ये स्टर्लिंगच्या इंजिनाने एका दगडखाणीतले पाणी उपसले. १८४३ साली त्याच्या अभियंता भावाने, जेम्सने, डंडीच्या ओतशाळेत मोठे इंजिन बसवले. ते चांगले चालले, कोळसाही कमी लागला. पण सिलिंडरांची आगीवरची टोके एकामागून एक जळून निकामी होत गेली आणि १८४७ मध्ये मालकांनी ते काढून पुन्हा वाफेचे बसवले.

बॉयलर जळत नाही, मग हेच का जळावे? कागदाचा द्रोण पाण्याने भरून मेणबत्तीवर धरून पाहा. पाणी तापते, कागद पेटत नाही, कारण पाणी कागदाची उष्णता झपाट्याने उचलून नेते. बॉयलरच्या पत्र्याचेही तसेच. बाहेर ज्वाळा असल्या तरी पत्रा पाण्यापेक्षा फारसा तापत नाही. हवा मात्र उष्णता उचलण्यात आळशी. रिकामा द्रोण धरला तर काय होते ते वेगळे सांगायला नको. स्टर्लिंगचे ओतीव लोखंड त्या रिकाम्या द्रोणासारखे होते. म्हातारपणी बेसेमर पद्धतीचे पोलाद निघालेले त्याने पाहिले. हे पोलाद आधी मिळते तर आपले इंजिन टिकले असते, असा त्याचा विश्वास होता. १८७८ साली तो वारला.

हवेच्या याच आळसाने जॉन एरिक्सनचाही घात केला. मुंबई-ठाणे गाडी धावली त्याच वर्षी, १८५३ च्या जानेवारीत, न्यूयॉर्कजवळ त्याच्या गरम हवेवर चालणाऱ्या जहाजाची चाचणी झाली. हवेला पुरेशी भिंत मिळावी म्हणून त्याने सिलिंडर केले ते चौदा फूट व्यासाचे, आणि असे चार! वर्गाची खोली मावेल एवढ्या सिलिंडरांतून मिळालेली शक्ती मात्र जहाजाच्या मानाने किरकोळ होती. पुढच्या वर्षी वादळात ते बुडाले, वर काढल्यावर त्यात वाफेची इंजिने बसवली गेली. एरिक्सन खचला नाही. पुढे त्याने घरगुती पाणी चढवण्याची छोटी गरम हवेची इंजिने केली आणि ती मात्र भरपूर खपली. आपल्याकडेही वीज येण्याआधी साहेबांच्या बंगल्यांत रॉकेलच्या बत्तीवर चालणारे गरम हवेचे पंखे होते. हवा खायची म्हणून खोलीत बत्ती लावायची, ही गंमत नव्हे काय?

विसाव्या शतकात या इंजिनाला आणखी एक संधी आली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस हॉलंडमधल्या फिलिप्स कंपनीला वीज नसलेल्या मुलखात आपले रेडिओ विकायचे होते. पेट्रोल इंजिनाच्या ठिणगीमुळे रेडिओत खरखर होते, म्हणून त्यांनी रॉकेलवरच्या स्टर्लिंग इंजिनाचा जनित्रसंच करायला घेतला. हवा दाबून भरली की तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते आणि भिंतीतून जास्त उष्णता येते. उत्तम पोलादही आता होते. काही वर्षांत त्यांनी या इंजिनाचा आकार कितीतरी लहान केला. दीडशेच्या आसपास संच बनले, आणि तेवढ्यात ट्रान्झिस्टर आला. रेडिओ खिशातल्या बॅटरीवर वाजू लागला, संचाची गरजच संपली. संशोधन वाया गेले नाही, कारण हेच यंत्र बाहेरून फिरवले तर उलटे चालते आणि हवा द्रवरूप होईल इतकी थंडी निर्माण करते. स्वीडनच्या पाणबुड्यांतही स्टर्लिंग इंजिने आहेत, आवाज करीत नाहीत म्हणून.

खेड्यांत मात्र डिझेल जिंकले. पुण्याला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत विहिरीवर, चक्कीवर, उसाच्या चरकावर डिझेल इंजिनाची टुकटुक ऐकू येऊ लागली. हाताने हँडल मारले की सुरू, सुटे भाग तालुक्याला, मिस्त्री गावात. बाह्यज्वलनाने पळ काढला असे मात्र समजू नये. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॉटचे जे संच आहेत ते बाह्यज्वलन इंजिनेच आहेत. दट्ट्याच्या जागी टर्बाइन आले, वाफ सुमारे ५४०° सेल्सियसची झाली आणि कार्यक्षमता ३५ टक्क्यांच्या पलीकडे गेली, पण आग बाहेरच आहे आणि वॅटचा संघनकही जागच्या जागी आहे. ग्लासगोच्या त्या लहान यंत्राचा हिशेब इथे उलटा लागू पडतो. इंजिन जितके अवाढव्य, तितकी भिंतीतून होणारी नासाडी कमी. धानोऱ्याच्या घरातला दिवा लागतो तो अशाच आगीवर, फक्त ती आपल्याला दिसत नाही.

आता गिरणीचा हिशेब. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तो फळ्यावर मांडला. धानाच्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा तूस निघते. एक किलो तूस जाळले की ३३०० किलोकॅलरी, म्हणजे साधारण ३.८ युनिट इतकी उष्णता मिळते. गिरणी ताशी दोनशे किलो धान भरडते असे धरले, तर तूस निघेल चाळीस किलो. पाच अश्वशक्तीला तासाला ३.७ युनिट काम हवे.

न्यूकोमेनचे एक टक्क्याचे इंजिन असेल तर तासाला ९८ किलो तूस लागेल. निघते चाळीसच. गिरणी स्वतःच्या तुसावर चालणार नाही. अडीच टक्क्यांना तोंडमिळवणी होते. आठ टक्के कार्यक्षमतेचे साधे स्टर्लिंग इंजिन धरले तर १२ किलो पुरे, आणि २८ किलो शिल्लक! फळ्यावर हा आकडा आला तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या गुरुजींच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा होता. अशी इंजिने झालीही आहेत. १९८०च्या दशकात बांगलादेशासाठी तुसावरच्या स्टर्लिंग इंजिनाचे काम अमेरिकेत विल्यम बील यांच्या संस्थेने केले आणि मद्रासलाही पाच अश्वशक्तीची स्टर्लिंग इंजिने थोड्या संख्येने बनली.

मग हिशेबाची दुसरी बाजू. बारा किलो तूस म्हणजे आकारमानाने जवळपास शंभर लिटर, तेलाचा अर्धा पिंप. डिझेल तेवढ्याच कामाला सव्वा लिटरच्या आसपास लागते. म्हणजे दर तासाला अर्धा पिंप तूस हळूहळू भट्टीत सोडत राहणारा माणूस हवा. दोन किलोच्या वर राख निघेल, ती बहुतेक सगळी सिलिका, तिचा थर गरम टोकावर बसला की उष्णता आत जायची थांबते. थंड टोक थंड ठेवायला पाणी हवे आणि मे महिन्यात तेही कोमटच असते. इंजिनाचे धूड याच शक्तीच्या डिझेल इंजिनापेक्षा मोठे आणि पोलाद जास्त. तूस फुकट आहे, पण ती भिंत फुकट नाही.

संध्याकाळी आम्ही सगळे मिळून गावातल्या गिरणीवर गेलो. ढिगातले तूस पोत्यात भरून वजन केले, फळ्यावरचे आकडे पडताळले. गिरणीवाल्यांनी आमचे सगळे बोलणे मान डोलवत ऐकून घेतले. मग त्यांनी एकच विचारले, “सर, पेटवल्यावर हे इंजिन चालू व्हायले किती टाइम लागते?”

टोक लाल होईपर्यंत, मी म्हणालो, वीसेक मिनिटे धरा. त्यांनी दाराशी धानाची पायली घेऊन उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिले, काही न बोलता हँडल उचलले आणि डिझेलचे इंजिन सुरू केले.